ज्याला येतं त्यानं मारायचं

ठोकबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गाड्यांच्या पत्र्याला पडलेले पोचे ठोकून काढणारी बाई, म्हणून गॅरेजात कुणीतरी थट्टेने म्हटलं आणि ते चिकटलं. पत्र्यावर बाहेरून डाव्या हाताने लोखंडी ठोकळा धरायचा आणि आतून हातोडीने असं मारायचं, की आपण कधी वाकलो होतो हे पत्र्यालाही आठवू नये. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वभाव मात्र दारूगोळा. एकदा एका गिऱ्हाइकाने रंग मारणाऱ्या म्हाताऱ्याच्या मुस्काटात ठेवून दिली. ठोकबाईने हातोडी उचलली, त्या गिऱ्हाइकाच्याच गाडीची पुढची काच फोडली, आणि पुन्हा आपल्या बोनेटपाशी येऊन बसली. गिऱ्हाईक पोलिसांची भाषा बोलत आला आणि तिचे दंड बघून दुरुस्तीची भाषा बोलत गेला.

अशी ही बाई एका गोष्टीला भ्यायची. कुणी प्रश्न विचारला की तिच्या तोंडून चुकीचं उत्तर निघे. किती वाजले विचारा, समोर भिंतीवर घड्याळ असताना ती तासभर मागचं सांगायची. गॅरेजातले हसायचे. बाई कामाला वाघ, पण डोक्याने अंमळ कमी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. लोकांना दुसऱ्याचं डोकं मोजायची फार घाई असते.

तिचा बाप दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचा. त्याला काटेवालाच म्हणत. माणूस काट्यासारखाच सरळ आणि तितकाच टोकदार. दोन मुलं: थोरली ही, आणि तिच्या पाठचा छोट्या. दोघं एकाच मास्तरांच्या शाळेत जात, सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसत. एके दिवशी छोट्याला उत्तर आलं नाही, म्हणून मास्तरांनी त्याच्या कानाखाली अशी लगावली की पोर बाकावर आपटून खाली पडलं. काटेवाल्याला हे कळलं तशी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातल्या जुन्या तराजूची पितळी दांडी काखेत मारून तो थेट वर्गात शिरला, आणि भरल्या वर्गासमोर त्याने मास्तरांचे पुढचे दात पाडले. मास्तरांनी तोंडावर हात घेतला, तर मनगटही मोडलं. पोरं बाकांखाली शिरली. फळ्यावर रक्ताची चिळकांडी उडाली होती, ती ठोकबाईला अजून आठवते, कारण त्या रक्ताशेजारीच तिने नुकतंच बरोबर सोडवलेलं गणित होतं.

काटेवाल्याने दोन्ही मुलांची मनगटं धरली आणि त्यांना घरी आणलं. भर रस्त्यात, चार लोक ऐकत असताना, तो म्हणाला, "माझ्या पोरांना यापुढे कुठला मास्तर हात लावणार नाही. मीच शिकवीन, आणि मीही लावणार नाही." त्याने शब्द पाळला. मरेपर्यंत त्याने मुलांना बोट लावलं नाही. शब्दाला जागणारा असा बाप, देव करो, वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

बाहेरच्या खोलीत टेबल होतं. वर आकड्यांना टांगलेली पारडी. टेबलाच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला दोघं मुलं, आणि मधे तीच पितळी दांडी. मास्तरांच्या दातांची एक बारीक खूण तिच्यावर राहिली होती. बापाने नियम एकदाच सांगितला. प्रश्न दोघांना सारखा. ज्याला येतं त्यानं, ज्याला येत नाही त्याला मारायचं. मास्तर मारतो तो अन्याय, कारण तो मोठा असतो. इथे मारेल ते ज्ञान. आणि मारायचं ते जोरात. हळू मारलं तर ते धरायचं नाही, पुन्हा मारायचं. एवढं सांगून तो मागे टेकून बसे आणि काटा तपासावा तसा दांडीकडे बघत राही. आई स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची. तास संपेपर्यंत पाणी वाहत असे.

मुलगी दोन वर्षांनी मोठी आणि त्यातून हुशार. म्हणजे मारायचं कायम तिनेच. दांडीच्या टोकाला पारडं अडकवायचा आकडा होता. मुठीत घट्ट धरली की तो तळव्यात रुते. तिच्या तळव्याला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. ते तिने कुणाला दाखवले नाहीत. मारणाऱ्याने कुठल्या तोंडाने दुखतंय म्हणायचं? समोर छोट्याच्या बोटांची पेरं वांग्यासारखी झालेली असायची. सुरुवातीला ती हळू मारून बघायची. बाप म्हणायचा, "धरलं नाही." की पुन्हा. दोन हळू फटक्यांपेक्षा एक जोराचा बरा, हे गणित तिने लवकर सोडवलं. मग ती एकदाच मारू लागली, पण दात आवळून.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहायची. तिची मुलगी खुब्याने अधू होती, जिना चढता येत नसे, म्हणून तिचीही शाळा घरातच. शिंपीण स्वतः जेमतेम शिकलेली. गुंड्या मोजून बेरीज, कापडाच्या उरलेल्या तुकड्यांवर भूमिती, आणि आईलाच आलं नाही की दोघी मिळून पुस्तकात शोधायच्या. त्यांचं हसणं फरशीतून वर यायचं. काटेवाला म्हणायचा, बाईचा पोरखेळ चाललाय, पोरगी रडेल पुढे. ती मुलगी पुढे बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागली आणि आजही शिकवते. घरी शिकवणं चांगलं की वाईट, असं लोक तावातावाने विचारतात. अहो, एकाच जिन्याच्या वर आणि खाली दोन घरं होती. आधी कुठल्या घरात ते सांगा.

एका दुपारी बापाने विचारलं, सतरा आठे किती. छोट्याला आलं नाही. तिला आलं. एकशे छत्तीस. तिने दांडी उचलली आणि नेहमीसारखी दात आवळून मारली. काडी मोडावी तसा आवाज झाला. छोट्याची करंगळी भलत्याच बाजूला वळली होती. तो रडला नाही. पांढराफटक पडला आणि घाईघाईने बापाकडे न बघता तिलाच म्हणाला, "ताई, हे जोरात होतं हं. हे धर. पुन्हा नको मारूस."

दुसऱ्या दिवशी छोट्याच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. बापाने मुद्दाम तोच प्रश्न विचारला, आधी तिला. तिने ओठ एकदा घट्ट मिटले आणि सांगितलं, "एकशे सव्वीस."

बापाने भुवई वर केली. छोट्याला विचारलं. त्याने रात्रभर घोकलं होतं. "एकशे छत्तीस." मग दांडी त्याच्या डाव्या हातात आली. तिने हात पुढे केला. पहिल्यांदा मारताना तो हुंदके देत होता, फटका निसटला, पुन्हा मारावं लागलं. तिला मार लागला, पण मन हलकं झालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्या पोरीला वाटलं. दहा-अकरा वर्षांच्या जिवाला एवढंच कळलं, की आपल्याला येत नसलं की भावाला लागत नाही. तेव्हापासून तिला काहीच येईनासं झालं.

पुढची वर्षं दांडी छोट्याच्या हातात राहिली. आधी रडत मारणारा तो नंतर गप्प मारू लागला. मग प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन दांडीकडे हात टाकू लागला. मनगटाने मारायचा, तो खांद्यातून मारू लागला. एका फटक्याने तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एका फटक्याने डावा कान कायमचा गेला. हात चुकला, असं बाप म्हणाला, आणि धरलं. छोट्याने बाहेरून परीक्षा दिल्या, तर पहिला आला. वर्तमानपत्रात फोटो आला. लोक पेढ्यांची पुडकी घेऊन काटेवाल्याकडे आले, आपापली पोरं शाळेतून काढावी का म्हणून सल्ला विचारू लागले. ती सगळ्या विषयांत नापास झाली. बाप म्हणाला, पालथ्या घड्यावर पाणी, आणि तिला गॅरेजात लावून दिली. फोटो चौकटीत बसला.

गॅरेजचा उस्ताद अडाणी होता. पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारलं, हा पत्रा आतून ठोकायचा की बाहेरून. तिला दिसत होतं, आतून. तोंडातून निघालं, "बाहेरून." आणि तिने सवयीने हात पुढे केला, पेरं वर करून, डोळे मिटून. उस्तादाला वाटलं, पोरगी हातोडी मागते आहे. त्याने तिच्या हातात हातोडी दिली. ती डोळे उघडून कितीतरी वेळ त्या हातोडीकडे बघत राहिली. मग तिने आतून ठोकायला सुरुवात केली, आणि त्या गॅरेजात तिची उभी हयात गेली.

बाप गेला. आई त्याआधीच गेली होती. दांडी छोट्याने मागून घेतली, टेबलासकट. तो आता पूल तपासणारा मोठा इंजिनिअर झाला होता. खांबाला केसाएवढी चीर पडली तरी त्याला दिसे, अशी त्याची ख्याती. बायको दवाखान्यात नर्स. दोन मुली: थोरली, आणि तिच्या पाठची चिमी. त्याही घरीच शिकत. शिकवायचा तोच. "बाबांच्या पद्धतीने," असं तो अभिमानाने सांगे. ठोकबाईला वाटायचं, तो पाढे घोकण्याबद्दल म्हणतोय. ज्याची करंगळी अजून वाकडी आहे, तो दुसरं काही म्हणत असेल असं तिच्या मनातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एका दुपारी भावजयीचा गॅरेजात फोन आला. ती हळू बोलत होती. थोरलीच्या कानातून रक्त येतं, विचारलं तर पोरगी पडले म्हणते. "ताई, तुम्ही या. मी काही बोलले की हे म्हणतात, मी पोरींना कधी बोटही लावलेलं नाही. आणि खरंच लावत नाहीत हो." ठोकबाईने फोन ठेवला. तिची आई नळ सोडायची. हिने फोन तरी केला. ती निघाली तेव्हा हातोडी हातातच होती. दारापर्यंत गेली, परत आली आणि हातोडी मुद्दाम ठोकळ्याशेजारी ठेवून गेली. तिला स्वतःची खात्री नव्हती.

भावाचं घर मोठं होतं, पण टेबल तेच होतं. दार भावजयीने उघडलं आणि ती भिंतीला लागून उभी राहिली. टेबलाशी छोट्या मागे टेकून बसलेला. त्याच्या डोक्यावर चौकटीतला तो फोटो. थोरली एका बाजूला, कानात कापसाचा बोळा. चिमी दुसऱ्या बाजूला, उंची पुरत नाही म्हणून स्टुलावर उभी. छोट्याने बहिणीला हातानेच थांब म्हटलं आणि थोरलीला काहीतरी अपूर्णांकाचं विचारलं.

थोरलीने उत्तर देण्याआधी ओठ एकदा घट्ट मिटले. मग चुकीचं सांगितलं.

येणारं उत्तर गिळताना तोंड कसं होतं, हे जगात ठोकबाईएवढं कुणाला ठाऊक असणार? तेवढ्यात चिमीने बरोबर उत्तर सांगितलं आणि दोन्ही हातांनी दांडी उचलली. खांद्यातून. डोळे कोरडे, ओठांच्या कोपऱ्यात किंचित घाई. तो चेहरा ठोकबाईने वर्षानुवर्षं समोरून पाहिला होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण भावाला वाचवलं नव्हतं. आपण त्याची बोटं वाचवली आणि त्याच्या हातात दांडी दिली. आपली हाडं सांधली गेली. त्याचं जे मोडलं ते कुणी पाहिलंच नाही.

दांडी खाली आली ती ठोकबाईच्या पंजावर. तिने ती चिमीच्या हातातून काढून घेतली. छोट्या उठला, माझ्या घरात ढवळाढवळ नको म्हणाला आणि तिचं मनगट पिरगाळू लागला. पत्रा ठोकणाऱ्या बाईचं मनगट ते. तिने त्याची कॉलर धरली आणि त्याला असं भिंतीवर आदळलं, की फोटोची चौकट खाली पडली आणि काच सगळ्या खोलीभर उडाली. त्याने हात झाडला, दांडी हिसकली आणि फिरवली. ती बरोबर गळ्याजवळच्या त्याच जुन्या हाडावर बसली. ठोकबाई गुडघ्यावर आली. त्याच्या ओठातून रक्त येत होतं, तिच्या हाताखाली काचा होत्या, आणि दोन्ही पोरी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना मारामारीची सवय होती.

"मी पोरींना बोटही लावलेलं नाही," छोट्या धापा टाकत म्हणाला.

ठोकबाई उठली. टेबलाला धरून उभी राहिली. "सतरा आठे किती, छोट्या?"

"काय?"

"सांग."

"एकशे छत्तीस."

"तुझं बोट मोडलं त्या दिवशी बाबांनी हेच विचारलं होतं. मी काय सांगितलं?"

त्याने नकळत करंगळीकडे पाहिलं. "एकशे छत्तीस. म्हणून तर तू मारलंस."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तो बोलायला गेला आणि थांबला. केसाएवढी चीर शोधणारा माणूस. दोन्ही उत्तरं जन्मभर त्याच्याच डोक्यात होती, पण त्याने ती कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. कशाला पाहील? बहीण मठ्ठ आणि आपण हुशार, यावर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं.

"एकशे सव्वीस," तो अखेर म्हणाला.

"एका रात्रीत विसरले होय मी?"

भावजय तोंडाला पदर नव्हे, मूठ लावून उभी होती. छोट्याने विचारलं, मग सगळं येत होतं का. ठोकबाई म्हणाली, जवळजवळ सगळं. त्याने तिच्या डाव्या कानाकडे पाहिलं, मग त्या हाडाकडे, ज्यावर त्याने आत्ताच पुन्हा मारलं होतं. ती म्हणाली, "आणि तुझ्या थोरलीलाही येतं. विचार तिला. चुकूनमाकून खरं बोलली तर."

त्याला विचारावं लागलं नाही. थोरली कापसाच्या बोळ्यावर हात दाबून रडायला लागली होती, आणि रडता रडता आत्ताच्या अपूर्णांकाचं बरोबर उत्तर सांगत होती. मग कालचं. मग परवाचं.

छोट्या खुर्चीत बसला. दांडी त्याने टेबलावर ठेवली, ताईच्या बाजूला सरकवली. मग वाकड्या करंगळीचा हात पालथा टेबलावर ठेवला, पेरं वर करून, आणि डोळे मिटले. "मला आलं नव्हतं," तो म्हणाला. "नियमाने आहे. मार."

ठोकबाईने दांडी उचलली. खोटं कशाला बोला, तिला मारायचं होतं. कानासाठी, हाडासाठी, आणि सगळ्यात जास्त थोरलीच्या कापसाच्या बोळ्यासाठी. तिचा दंड वरही गेला. तेवढ्यात स्टुलावरून चिमी बोलली. मोठ्या माणसाला काही ठाऊक नसलं की मुलं ज्या मायेने सांगतात, तशा मायेने बोलली.

"आत्या, जोरात मार हं. हळू मारलंस तर पुन्हा मारावं लागतं."

छोट्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. करंगळी मोडली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

ठोकबाईचा हात खाली आला. ती छोट्याकडे गेली नाही. थोरलीकडेही गेली नाही, तिला आईने पोटाशी धरलंच होतं. ती काचा तुडवत स्टुलापाशी गेली, दांडी काखेत धरली आणि चिमीची उजवी मूठ हातात घेऊन एकेक बोट उलगडलं. तळव्याच्या मधोमध, आकडा रुततो तिथे, फुटलेला फोड होता. त्याच्याखाली जुना, आणि त्याखाली कातडं राठ झालेलं.

"हात दुखतो का गं तुझा?" ठोकबाईने विचारलं.

चिमीने आधी बापाकडे पाहिलं. कुठलं उत्तर बरोबर ते तिला कळेना.

"रोज," चिमी म्हणाली.

हा प्रश्न ठोकबाईला कुणी विचारला नव्हता, आणि तिनेही भावाला कधी विचारला नव्हता. तिने मान वळवली. टेबलावर पालथा ठेवलेला हात छोट्याने हळूच उताणा केला होता, आणि तळवा तिच्याकडे करून तो बसला होता.